चार नंबरची बरणी

स्टेथोस्कोपची चकती पेशंटच्या छातीवर टेकवण्याआधी दक्षाबाई ती पदरावर तीनदा घासायच्या. पावसाळा असो की मे महिना. घासून झाली की स्वतःच्या हाताच्या मागच्या बाजूला टेकवून बघायच्या, आणि मगच पुढे व्हायच्या. चकती छातीला लागली की विचारायच्या, "गार लागलं का?" लहान पोरं मान हलवत, म्हातारे हसत. उधव्याच्या दवाखान्यात अडतीस वर्षं हा प्रश्न इतक्या वेळा विचारला गेला की पाड्यावरची पोरं डॉक्टर-डॉक्टर खेळताना एकमेकांना सुया टोचत नसत. बाटलीचं बूच सदऱ्यावर घासून विचारत, "गार लागला का?"

जानीने तो प्रश्न पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. मूल पोटातच गेलं होतं आणि रक्त थांबत नव्हतं. नवऱ्याने तिला दवाखान्याच्या ओट्यावर आणून ठेवलं, आणि तो जो गेला तो गेलाच. तेव्हाही बाईंनी आधी चकती पदरावर घासली. माझा जीव जातोय आणि ही बाई लोखंड कसलं उबवत बसलीय, असं जानीला वाटलं होतं. पाचव्या दिवशी ती भिंतीला टेकून बसली, तेव्हा बाई म्हणाल्या, "घरी कोण आहे?"

"बाप हाय नि भाऊ. लक्ष्या. नऊ वर्साचा."

"मग उद्यापासून ये. झाडू मार. पुढचं पुढे बघू."

पुढचं म्हणजे एकतीस वर्षं. जानी झाडू मारता मारता पट्टी बांधायला शिकली, मग सुई उकळायला, मग टोचायला. चौथी शिकलेल्या बाईला गोळ्यांची इंग्रजी नावं वाचता येणार नव्हती, म्हणून दक्षाबाईंनी बरण्यांना आकडे दिले. चौदा बरण्या, चौदा आकडे. पेशंट तपासून झाला की बाई खुर्चीतूनच आवाज द्यायच्या, "जानी, दोन नंबर तीन दिवस, नऊ नंबर रात्रीची." जानी गोळ्या कागदात बांधायची आणि पुडीवर पेनाने चित्र काढायची: उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चंद्रकोर. तलासरीपासून उंबरगावच्या हद्दीपर्यंत कुठल्याही झोपडीच्या कुडात खोचलेली पुडी दिसली, की ती जानीच्या हातची आहे हे लांबूनच कळायचं.

सात वर्षांपूर्वी लाकडी मांडणीला वाळवी लागली आणि लोखंडी मांडणी आली. बाईंनी बरण्या नव्याने लावल्या आणि आकडे नव्याने चिकटवले. जुन्या मांडणीत चार नंबरला ब्लडप्रेशरची गोळी होती. ती आता सातवर गेली, आणि चारवर शुगरची आली. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही करंगळीच्या नखाएवढ्या. दोघी आठवडाभर दुपारच्या चहाला एकमेकींना आकडे विचारत बसल्या. बाई तेव्हा पासष्टच्या होत्या, तरी जानीच्या आधी त्यांचं पाठ झालं.

चार वर्षांनी एका सकाळी खोकल्याची बाई आली. बाईंनी तिला तपासलं आणि आवाज दिला, "पाच नंबर." जानीचा हात पाचच्या झाकणावर गेला आणि तिथेच थांबला. पाच म्हणजे जंताची गोळी. खोकल्याला जंताची? मग तिच्या ध्यानात आलं, की खोकल्याची गोळी पाचवर होती ती जुन्या मांडणीत. तिने मुकाट्याने अकरा नंबरची बरणी उघडली आणि पुडीवर सूर्य काढला. कुणाला काही कळलं नाही, बाईंनाही नाही.

असे दिवस वाढत गेले. काही सकाळी बाई नव्या मांडणीत असत, काही सकाळी जुन्या. हात मात्र चुकत नव्हते. नाडी, पोट, छातीतली घरघर, बाळाचं डोकं, बोट टेकवलं की त्यांना समजायचं. विसरायला होत होतं ते फक्त आत कुठेतरी, जिथे वार, वर्ष आणि आकडे राहतात. केसपेपरवर त्या दोन हजार नऊ साल घालायच्या. दिलेलं इंजेक्शन परत द्यायला उठायच्या, तेव्हा जानी सिरिंज पाठीमागे धरून म्हणायची, "झाला, बाई. आता पुढचा."

मग जानीला एक खूण सापडली. ज्या सकाळी बाई जुन्या मांडणीत असत, त्या सकाळी त्या चकती घासायच्या विसरत. गार चकती छातीला लागे, पोर दचके, आणि बरण्यांपाशी उभी असलेली जानी मनात म्हणे, आज जुने आकडे. चकती घासली तर नवे. तिने हे महिनोन् महिने ताडून पाहिलं होतं. खूण एकदाही खोटी ठरली नव्हती.

बाहेर बाकड्यावर लोकांना थोडंफार कळत होतंच. पांड्या म्हातारा एकदा आतून हसत हसतच बाहेर आला. "काय झाला रं?" कुणीतरी विचारलं.

"बाईंनी पोट दाबला आणि इचारला, कितवा महिना? मी म्हटला, बाई, पोटात ताडीच हाय, पोर नाय."

बाकडं खदखदलं. जानीने दारातून डोळे वटारले. "तुला बाई तपासतात तेच नशीब तुझं. दुसऱ्या डॉक्टरनं दारातूनच हाकलला असता. वास येतोय."

हसणं तिथे थांबलं. लोकांचा बाईंवर विश्वास होता आणि बाईंपेक्षा जास्त जानीवर. जानी आहे तोवर चुकणार नाही, असं ते म्हणत. जानीलाही तसंच वाटायला लागलं होतं. खरं सांगायचं तर तिला ते आवडायला लागलं होतं. एकतीस वर्षं जिने आवाजाबरहुकूम बरण्या उघडल्या, तीच आता ठरवत होती की कुठली उघडायची.

तरी एकदा तिने बाईंच्या मुलाला फोन लावला. दीपेशचा वापीला स्वतःचा मोठा दवाखाना होता. लहानपणी त्याला जानीनेच कडेवर खेळवलं होतं.

"दीपेशभाई, बाई इसरतात."

"या वयात कोण विसरत नाही, जानी?"

"तसा नाय. गोळ्या इसरतात."

"मी गेल्या रविवारी बघितलं तिला. शंभरातून सात-सात वजा करायला लावले. माझ्यापेक्षा भरभर केले तिने. हे बघ, खुर्चीवरून उठवलं तर ती महिन्याभरात जाईल. दवाखाना हेच तिचं सगळं आहे. आणि तू आहेस ना? तू बघतेस ना?"

"बघते."

"मग झालं तर."

त्या वर्षी बाईंच्या डॉक्टरकीच्या नोंदणीचं नूतनीकरण होतं. दीपेशने फॉर्म वापीतूनच भरला आणि जानीने फक्त बाईंची सही घेतली. बाईंनी फॉर्म दोनदा वाचला आणि दोनदा सही केली. शिक्षण, पत्ता, फोटो, सगळं त्यात विचारलं होतं. आठवतं का, एवढं कुठे विचारलं नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी लक्ष्या आला. आता तो चाळीस वर्षांचा गडी होता. उंबरगावला कंपनीत गोण्या उचलायचा. बायकोचं नाव काळी, आणि घर जानीच्या घराला लागूनच. आठ महिन्यांपूर्वी बाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं खडसावलं होतं, "दीकरा, ताडी सोड, नाहीतर बापासारखा जाशील." त्याने सोडली होती. बाप शुगरने गेला होता. आधी पाय गेला, मग तो. जानीने तो पाय रोज धुतला होता, आणि तेव्हापासून शुगर हा शब्द तिला नुसता ऐकवत नसे.

"चक्कर येतात," लक्ष्या म्हणाला. "गोणी उचलली का अंधारी येते."

त्याच्या आधी एक म्हातारी तपासून गेली होती. लक्ष्या स्टुलावर बसला. दक्षाबाईंनी चकती पदरावर घासली, एकदा, दोनदा, तीनदा, मग आणखी दोनदा. जानीने ते पाहिलं आणि मनात म्हटलं, आज नवे. बाईंनी छाती ऐकली, दंडाला पट्टा बांधून फुगवला, त्याच्या डोळ्यांत पाहिलं. सगळं नीट, सावकाश, पूर्वीसारखं. मग आवाज आला, "जानी, चार नंबर. सकाळ-संध्याकाळ एकेक. महिनाभर."

चार. शुगर. बापाचं दुखणं पोराच्या अंगात उतरलंच होतं तर. बोट टोचून तपासायच्या पट्ट्या संपल्या होत्या. बाईंना विचारावं असं तिच्या मनात आलं. पण चार माणसं दारात उभी असताना 'शुगरच ना, बाई?' असं विचारणं म्हणजे बाईंना सगळ्यांपुढे उघडं पाडणं. आणि विचारायचं तरी कशाला? चकती घासली होती. तिने चारची बरणी उघडली, साठ गोळ्या बांधल्या, पुडीवर उगवता सूर्य आणि चंद्रकोर काढली.

"इसरायचा नाय," ती भावाला म्हणाली. "एक पण गोळी चुकवायची नाय. माझी शपथ हाय तुला."

लक्ष्याने एकही चुकवली नाही.

शुक्रवारी पाड्यात लग्न होतं. कंपनीतून आल्यावर लक्ष्या मांडवातच राबत होता, जेवायला बसला नाही. संध्याकाळची गोळी मात्र त्याने आठवणीने घेतली. शनिवारी सकाळी तो मांडवाच्या खांबापाशी पडलेला होता. तोंडातून लाळ, डोळे अर्धे उघडे. आदल्या रात्रीची ताडी पिऊन अजून तिघेजण तसेच पडले होते. त्यात हा चौथा.

"आठ मयने नेटानं ऱ्हायला आणि एका लग्नात सगळा वसूल केला," कुणीतरी म्हणालं. पोरांनी त्याच्या कपाळाला हळद फासली आणि कानात झेंडू खोचला. तो काहीतरी बरळला, तेव्हा सगळे हसले. काळी आली, तिने त्याच्या अंगावर कळशीभर पाणी ओतलं आणि पायाने ढोसलं. "ऊठ! लाज नाय वाटत? बहिणीनं शपथ घातली ना तुला?" तो उठला नाही. तशी ती म्हणाली, "पडू दे मेल्याला. उतरली का येल घरी," आणि जात्याशी बसली.

जानी त्या सकाळी लवकरच दवाखान्यात गेली होती. दुपारी परतली तेव्हा तिने मांडवात तिघे उठून बसलेले पाहिले आणि एक आडवा. अंगावर ओतलेलं पाणी कधीच वाळलं होतं, तरी लक्ष्या निथळत होता. तिने त्याच्या मानेला हात लावला. गार घाम. हा घाम तिला माहीत होता. बापाला गोळी जास्त झाली की असाच यायचा, आणि बाई धावत साखरेचं पाणी पाजायच्या.

"गूळ आणा!" ती ओरडली. "गूळ!"

तिने त्याचे दात बोटांनी उचकटून आत गूळ चोळला. तो गालाच्या कडेने बाहेर आला. जीपमधून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने बोट टोचून मशीन पाहिलं आणि धावतच सलाईन लावलं. "ह्यांना शुगरची गोळी कुणी दिली? शुगर आहे का ह्यांना?"

जानीच्या मुठीत लक्ष्याच्या खिशातली पुडी होती.

संध्याकाळी पाचच्या सुमारास लक्ष्या गेला. कपाळावरची हळद तशीच होती.

सोमवारी दवाखान्यात तालुक्याहून एक अधिकारी आले. दीपेश वापीहून आला. दारात काळी उभी होती, तिच्यामागे सगळा पाडा. पांड्यासुद्धा होता आणि आज तो हसत नव्हता. दक्षाबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. त्यांच्या अंगावर गुरुवारचीच साडी होती. अलीकडे त्या साडी बदलायच्या विसरत.

"डॉक्टर, लक्ष्याला तुम्ही कुठली गोळी सांगितलीत?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"ब्लडप्रेशरची," बाई ताडकन म्हणाल्या. "एकशे ऐंशीवर होतं त्याचं. शुगर त्याला नाही. त्याच्या बापाला होती."

अगदी बरोबर होतं ते. जानी बाईंकडे बघतच राहिली. मग तिची नजर खाली उतरली. बाईंच्या पदराच्या टोकाला पिवळट, तेलकट डाग होता. ती जवळ गेली, पदर सारखा केल्यासारखं करून तिने तो नाकाशी नेला. बाम. लक्ष्याच्या आधी तपासलेल्या म्हातारीने छातीभर बाम चोपडला होता. चकती चिकट झाली होती. बाई ती उबवत नव्हत्या. त्या पुसत होत्या.

खोलीत कुणाला काही कळलं नाही. अधिकाऱ्यांनी जानीकडे वळून विचारलं, "मग चार नंबरच्या गोळ्या कशा गेल्या?"

सांगता आलं असतं. तीन वर्षं ह्यांना आकडे आठवत नाहीत, मी रोज अंदाजाने बरणी उघडते, ह्यांच्या मुलाला मी हे सांगितलं होतं. दीपेश खिडकीतून बाहेर बघत होता, आणि त्याच्या मानेवरची शीर ताठ झालेली जानीला दिसत होती. पण पुढचा प्रश्न काळी विचारणार होती: तुला ठाऊक होता? तुला ठाऊक असून तू माझ्या नवऱ्याला हिच्यापुढं बसवलास?

"बाईंनी सात सांगितला होता," जानी म्हणाली. "मीच चुकले."

दीपेशने श्वास सोडला. तो लगेच वळला आणि अधिकाऱ्यांना म्हणाला, "शिकलेली नाही हो ती. आईने दयेपोटी ठेवलेली. मी कितीदा सांगितलं होतं, औषधाला हात लावू देऊ नकोस म्हणून."

दक्षाबाई उठल्या. "जानी, तू? एकतीस वर्षं शिकवलं तुला! चार आणि सात कळत नाही तुला? माणूस मारलास तू माझा!" त्या पूर्ण शुद्धीवर होत्या, पूर्ण खऱ्या होत्या. इतक्या लख्ख त्या कित्येक महिन्यांत बोलल्या नव्हत्या. बाहेर कुणीतरी म्हणालं, "बघा, बाईंना सगळा आठवतो."

काळी पुढे आली. तिने मारलं नाही. एवढंच म्हणाली, "तुझ्या हातचा पाणी आता आमच्या घरात कुणी पिणार नाय." आणि दहाव्याच्या दिवशी दोन्ही घरांच्या मध्ये कूड घातला.

जानीला तीनदा पोलीस ठाण्यात बोलावलं. कोर्टाची तारीख अजून लागायची आहे. दवाखान्याला दीपेशने कुलूप लावलं आणि आईला डहाणूच्या घरी नेलं. पाटी राहिली. लोक आता तापालाही तलासरीपर्यंत जातात आणि वाटेत जानी दिसली की पोरांना आपल्या पलीकडच्या बाजूला घेतात. तिला गवत कापायला बोलावतात, पण जेवणाच्या रांगेत वाढायला उभी करत नाहीत. पोरांचा खेळही बदलला. एक डॉक्टरीण होते, एक जानी होते, आणि जी जानी होते तिच्या हातची माती खाल्ली की बाकीच्यांनी मरून पडायचं.

दिवाळीनंतर ती डहाणूला गेली. चिकूच्या वाडीतलं घर, पुढे ओसरी. बाईंना सांभाळायला ठेवलेली चंद्रिका शेजारच्या कैनाड गावची होती. तिने आधी नाव विचारलं आणि मग नाइलाजाने आत घेतलं. "दीपेशभाई नाहीत म्हणून बरं. पाच मिनिटं बस. त्या ओळखणार नाहीत तुला."

बाई गाऊन घालून आरामखुर्चीत बसल्या होत्या. केस कापलेले. जानी जमिनीवर बसली.

"बाई, मी जानी."

"कुठल्या पाड्याची?"

जानीने पाडा सांगितला. बाईंनी पेशंटचं ऐकावं तशी मान हलवली. जानी इतक्या लांब एकाच गोष्टीसाठी आली होती. तिने ती विचारली.

"बाई, चार नंबर म्हणजे कुठली गोळी?"

"ब्लडप्रेशर." क्षणाचाही विलंब नाही.

जानीने डोळे मिटले. ऐकायला चंद्रिकाशिवाय कुणी नव्हतं, आणि चंद्रिका चिकू सोलत होती.

"आणि सात?"

"सात खाजेची. एवढंही माहीत नाही?" बाईंच्या कपाळाला आठी पडली. "कुणाच्या हाताखाली काम करतेस तू?"

जानीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तशी बाईंची आठी मावळली. त्या खुर्चीत पुढे सरकल्या. हातात काही नव्हतं, तरी बोटं चकती धरल्यासारखी मिटलेली होती. ती रिकामी मूठ त्यांनी गाऊनवर घासली, एकदा, दोनदा, तीनदा. दुसऱ्या हाताच्या मागच्या बाजूला टेकवून पाहिली. मग ती जानीच्या छातीवर ठेवली आणि मान कलती करून ऐकू लागल्या.

त्या दुपारनंतर बाई बोलल्या त्यात कुणाला उमगेल असा शब्द नव्हता, आणि बाराव्या दिवशी त्या गेल्या, असं चंद्रिकाने पुढे बाजारात भेटल्यावर सांगितलं. म्हणजे जानीला त्यांनी जे विचारलं ते शेवटचं. मूठ तशीच ठेवून, जरा हसून, त्यांनी विचारलं होतं,

"गार लागलं का?"